शाळेत म्हटलेलं गाणं कोणाचं?

शाहीर: बाई, शाळांमधून एक वाक्य मी फार ऐकतो. शिकवण्यासाठी घेतलं तर चालतं. गाणं घ्या, नाटकातला प्रवेश घ्या, दिवाळी अंकातलं चित्र घ्या, शिक्षण म्हटलं की सगळं मोकळं. माझा आक्षेप या वाक्यावरच आहे. पोलादपूरच्या वाड्यांमधून मी शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन गटांतल्या सवाल-जबाबाच्या, बाऱ्या गातो आणि गाणी स्वतः बांधतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी माझं गाणं म्हटलं, मन लावून म्हटलं. पण निवेदनात माझं नाव नव्हतं, आणि ज्या शेवटच्या कडव्यात माझी नाममुद्रा होती तेच वेळेअभावी गाळलं होतं. मुलांनी त्या दिवशी गाण्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकून घेतली. गाणं कुठून तरी आपोआप येतं, ते कोणी बसून केलेलं नसतं. गणिताच्या उत्तरात चूक झाली तर तुम्ही लाल खूण करता. इथे कोणी खूण केली नाही.

कलाशिक्षिका: तुमचं नाव गाळलं हे वाईट झालं, आणि त्याकडे मी येणार आहे. पण ‘चालतं’ हे वाक्य शिक्षकांनी आपल्या सोयीनं रचलेलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कशानं हक्कभंग होत नाही याची यादीच दिली आहे. शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत करणं त्या यादीत आहे. प्रश्नपत्रिकेत उतारा देणं आहे, उत्तरात तो लिहिणं आहे. कविता, नाटक, चित्र, छायाचित्र, सगळं त्यात येतं. पुढच्याच पोटकलमात शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक किंवा गाणं सादर करायलाही मोकळीक आहे. प्रेक्षक मात्र शाळेतले, मुलांचे आईवडील-पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेले असावेत.

चित्रकलेचे शिक्षक मला विचारतात, दहा टक्क्यांपर्यंत घेतलं तर चालतं ना? हे दहा टक्के आपल्या कायद्यात कुठेच नाहीत. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात ‘फेअर यूज’च्या चार कसोट्या आहेत, आणि वर्गातल्या प्रतींसाठी तिथल्या शिक्षक, लेखक आणि प्रकाशकांच्या संघटनांनी शब्द-ओळींची मापं आपसांत ठरवली. ती मापं फिरत फिरत आपल्यापर्यंत आली. आपल्याकडे शिक्षणासाठी वेगळी, स्पष्ट सवलत आहे आणि तिला पानांचं किंवा टक्क्यांचं कुंपण नाही. मला काळजी उलट गोष्टीची वाटते. शिक्षक घाबरला की जिवंत माणसाची कला वर्गात येतच नाही. मग मुलं फुलदाणी, केळी आणि सूर्योदय एवढंच काढत राहतात.

शाहीर: कायदा इतका सढळ आहे हे मला नव्हतं ठाऊक. पण तो सढळ आहे तो कोणाच्या खिशातून? सरकारनं शाळेला बाक दिले तर सुताराला पैसे मिळतात. खडू घेतले तर दुकानदाराला मिळतात. रंगपेट्या फुकट येत नाहीत. त्या रंगांनी ज्याच्या चित्राची नक्कल करायची, त्या चित्रकाराकडून मात्र शिक्षणाच्या नावानं दान घ्यायचं, आणि तेही न विचारता. शिक्षण हे समाजाचं काम असेल तर त्याचा खर्च सगळ्या समाजानं उचलावा. गाणं करणाऱ्या एकट्यानंच का?

कलाशिक्षिका: हाच प्रश्न दिल्लीच्या न्यायालयात आला होता. दिल्ली विद्यापीठातलं एक फोटोकॉपीचं दुकान अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची नेमलेली प्रकरणं एकत्र करून संच विकत असे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये एका न्यायमूर्तींनी तो फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरात अपिलात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं दावा पुन्हा सुनावणीसाठी पाठवला, पण सांगितलं की शिकवणं तासाच्या घंटेपुरतं नसतं, त्याची तयारी आणि त्यानंतरचा अभ्यासही त्यात येतो. किती पानं घेतली हे मोजायचं नसतं. शिकवण्याच्या हेतूसाठी तेवढं घेणं गरजेचं होतं का, हे पाहायचं. एकेका प्रकरणासाठी तीस-चाळीस महागडी पुस्तकं विद्यार्थी विकत घेणारच नव्हते, म्हणून प्रकाशकांचं गिऱ्हाईक बुडालं असंही म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. ज्यांच्या पुस्तकांची पानं त्या संचात होती अशा काही लेखकांनीही या दाव्याला उघड विरोध केला होता. लिहिणाऱ्यालाच आपलं लिहिणं विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायला हवं असतं.

शाहीर: ते लेखक प्राध्यापक होते ना? त्यांना पगार आहे. पुस्तकानं त्यांचं नाव वाढतं, नावानं पद वाढतं, पुस्तकाच्या विक्रीवर त्यांची चूल अवलंबून नाही. माझं तसं नाही. मला बारीची बिदागी मिळते आणि ती मोसमात मिळते. पावसाळ्यात शेत असतं, नंतर सुपारी आली तर आली. माझं गाणं शाळेतल्या मुलांनी म्हटलं म्हणून मला बढती मिळत नाही. ऑक्सफर्डच्या विरोधात दिलेला निकाल माझ्यावर जसाच्या तसा लावला तर मोठ्या प्रकाशकाला अडवण्यासाठी घातलेला बांध माझ्याच शेतात येतो. त्या खटल्यात विद्यार्थी दुबळा आणि प्रकाशक बलवान होता. माझ्या गाण्याच्या बाबतीत शाळा बलवान आहे. तिच्याकडे इमारत आहे, ध्वनिक्षेपक आहे, अनुदान आहे. माझ्याकडे वही आहे.

कलाशिक्षिका: सगळ्या शाळा बलवान नसतात. पोलादपूरच्या घाटाखालच्या एखाद्या वाडीतली दोन शिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. जुलै २०२१ चा पूर आठवा. महाड बाजारपेठ पाण्याखाली होती, तळीयेत आणि पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. घरोघरची दप्तरं, वह्या, पुस्तकं गाळात गेली. करोनामुळे शाळा आधीच मोबाइलवर होती. त्या महिन्यांत एकेक शिक्षक कवितांची पानं, चित्रांचे फोटो, गाण्यांच्या ध्वनिफिती व्हॉट्सॲपवर पाठवत होता. त्यानं प्रत्येक पानासाठी हक्कदार शोधत बसायचं होतं का? कलम ५२ मधली ही सवलत मला लेखकाकडून उकळलेलं दान वाटत नाही. लेखकाचा हक्कही समाजानंच कायदा करून दिलेला आहे. तो देतानाच समाजानं सांगितलं की शिकणाऱ्या मुलाच्या दाराशी हा हक्क थांबेल. हक्क आणि त्याची हद्द एकाच दिवशी जन्मली.

शाहीर: हद्द आहे हे कबूल. मग ती पाळा. पुराच्या दिवसांत पाठवलेल्या पानाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ते पान वर्गाच्या गटातून पालकांच्या गटात जातं, तिथून तालुक्याच्या, तिथून मुंबईच्या चाकरमान्यांच्या मंडळात. महिनाभरात त्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव असतं. तुम्ही म्हणालात कायदा प्रत करायला परवानगी देतो. प्रत करणं वेगळं आणि जगभर पोहोचवणं वेगळं. आणि स्नेहसंमेलन? कायद्यात प्रेक्षक मोजून दिलेत, पालक आणि शाळेतली माणसं. आज रंगमंचासमोर दहा मोबाइल उभे असतात आणि रात्रीपर्यंत कार्यक्रम यूट्यूबवर जातो. आता प्रेक्षक कोण?

कलाशिक्षिका: इथे मी तुमच्या बाजूची आहे. कार्यक्रम यूट्यूबवर गेला की ते शाळेपुरतं सादरीकरण उरत नाही, ती जनतेसाठी केलेली प्रसिद्धी होते. तिला कलम ५२ ची ही सवलत पुरत नाही असंच मी समजते. तास घेताना मी एखाद्या शाहिराचं गाणं शिकवण्यासाठी म्हणून ध्वनिमुद्रित केलं तर कलम ३९ मला मुभा देतं. तेच ध्वनिमुद्रण मी चॅनेलवर टाकलं तर ती मुभा संपली. कायदा १९५७ चा, आणि त्यानं वर्गाला चार भिंती आहेत असं गृहीत धरलं. मोबाइलनं त्या भिंती पाडल्या. मुख्याध्यापकांना सांगायला हवं की कार्यक्रम करा, चित्रण पालकांना आठवण म्हणून द्या, पण शाळेच्या नावानं टाकायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

शाहीर: आणि परवानगी न घेता टाकलं तर काय होतं ते बघा. मुलं सिनेमाच्या गाण्यावर नाचली असतील तर यूट्यूबची यंत्रणा ते गाणं आपणहून ओळखते. आवाज बंद करते किंवा जाहिरातीचे पैसे संगीत कंपनीकडे वळवते. कंपनीला उठून महाडला यावं लागत नाही. माझं गाणं त्या यंत्रणेत नोंदलेलंच नाही. ते कोणीही टाकावं, कोणाच्याही नावानं टाकावं. म्हणजे कायदा कागदावर दोघांना सारखा, पण ज्याच्याकडे यंत्रणा आहे त्याचाच हक्क चालतो. आणि शाळा यातून काय शिकते? सिनेमाच्या गाण्याला जपून हात लावावा आणि गावच्या गाण्याला बिनधास्त. धाकाला हक्क समजायची सवय लागते.

कलाशिक्षिका: तुम्ही म्हणता तसंच घडतं. पण या निमित्तानं तुमच्या व्यवहाराबद्दलही विचारते. शक्ती-तुऱ्यात पुष्कळ गाणी सिनेमाच्या चालींवर बांधलेली असतात. ती चाल कोणत्या तरी संगीतकाराची असते. त्याला कोणता शाहीर विचारतो? कोणता त्याचं नाव घेतो? आणि म्हणून ती गाणी खोटी ठरतात असं मी म्हणत नाही. ओळखीची चाल घेऊन तिच्यात नवा सवाल भरायचा आणि समोरच्यानं त्याच चालीत जबाब द्यायचा, ही तुमची कला. लोककला घेतल्यावरच जगते. शाळेतलं मूलही तसंच शिकतं. आधी नक्कल, मग बदल, मग आपलं काही. तुम्ही घेतलेली चाल परंपरा आणि मुलांनी घेतलेलं तुमचं गाणं हक्कभंग, असं कसं?

शाहीर: प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर आहे. बारीत बसलेल्या प्रत्येकाला ती चाल कुठली आहे हे कळतं. मी ती माझी म्हणून खपवत नाही, कळावी म्हणूनच घेतो. माझ्या गाण्याची वाट उलटी आहे. ते इतकं लहान आहे की नाव काढलं की त्याचा माग उरत नाही. मोठ्या नदीतून तांब्याभर घेणं आणि आटत्या झऱ्यावर पंप बसवणं यात फरक आहे. पण कायदा हा फरक करत नाही हे मला मान्य आहे. कायद्यापुढे तिकीट लावून केलेल्या माझ्या बारीतली ती चालही विचारूनच घ्यायला हवी होती. तुम्ही मला कायद्यानं धरलंत तर मी सुटत नाही. मी न्यायानं धरतोय तुम्हाला.

कलाशिक्षिका: मग न्यायाची गोष्ट एका खऱ्या कार्यक्रमावर तपासून पाहू. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. २० मार्च २०२७ ला त्याला शंभर वर्षं पूर्ण होतात. महाडच्या शाळेनं त्यावर मुलांचा कार्यक्रम बसवायचा तर काय काय मोकळं आहे? बाबासाहेब १९५६ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. आधी पन्नास होती, रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत संपत आली तेव्हा ती साठ केली. म्हणजे बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांचं झालं. सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’मधले त्यांचे लेख मुलं वाचू शकतात, त्यांवर नाट्यप्रवेश लिहू शकतात, तो जाहीरपणे करू शकतात, छापू शकतात. कोणालाही विचारायचं नाही. ज्यानं सार्वजनिक पाणवठ्यासाठी लढा दिला त्याचे शब्द सार्वजनिक झाले, याचा मला फार आनंद आहे. शिवथरघळीतला दासबोध घ्या, पोलादपुरात ज्यांची समाधी आहे त्या कवींद्र परमानंदांचं शिवभारत घ्या, ते तर कायद्याच्या कितीतरी आधीचं. तळ्याकाठी बसून मुलांनी बाबासाहेबांच्या पुतळ्याचं चित्र काढलं तर तेही चालतं. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचं चित्र काढायला आणि छायाचित्र घ्यायला कलम ५२ नं थेट मोकळीक दिली आहे.

शाहीर: आनंद मलाही आहे, पण यादी पुरी करा. बाबासाहेबांचं सगळंच लेखन मोकळं झालं का? त्यांच्या हस्तलिखितांतून मागाहून छापलेलं लेखन आहे. आणि तुम्ही ज्यातून वाचून दाखवाल तो मराठी अनुवाद कोणाचा?

कलाशिक्षिका: बरोबर हटकलंत. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची साठ वर्षं प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत १९५७ साली आला, तो मूळ ग्रंथ २०१८ पासून मोकळा. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनानं १९८७ साली छापलं, त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत. अनुवादाला अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. दासबोध जुना असला तरी त्याच्या आजच्या संपादकाची प्रस्तावना आणि टीपा त्याच्याच. वर्गात हे सगळं घेता येतं, कारण तिथे शिकवण्याची सवलत आहे. वर्गाबाहेर छापताना मात्र पाहावं लागतं.

शाहीर: आता गाण्यांकडे या. वीस मार्चला महाडात येणारा माणूस गाणी ऐकायला येतो. लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. तुमच्या हिशेबानं त्यांची गाणी २०६४ संपेपर्यंत हक्कात आहेत. पण ती गाणी गावोगाव पोहोचली ती परवानगीच्या कागदानं नव्हे, तोंडातोंडी. त्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. तुकोबांच्या अभंगात ‘तुका’ येतो. आमच्याकडे कोणतंही कार्यालय नसताना नाव राखण्याची ही व्यवस्था होती. गाणं कोणीही न्या, पण शेवटचं कडवं म्हणा. पैसे न मागणारी आणि तरी मालकी सांगणारी. तुमच्या गॅदरिंगच्या पाच मिनिटांच्या वेळापत्रकानं ती मोडली. म्हणून मी म्हणतो की शाळेनं नुसतं कायद्यातून सुटून भागत नाही.

कलाशिक्षिका: कायदाही इथे शाळेला सोडत नाही. कलम ५२ नं प्रत करायला मोकळीक दिली, पण कलम ५७ मधला लेखकाचा खास हक्क वेगळा उभा आहे. कृतीचा कर्ता मी आहे हे सांगण्याचा, आणि मानाला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा. कृतीचे बाकी हक्क विकून टाकले तरी हा राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ साली उतरवताना मोडलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्याचे अवशेष शिल्पकाराला परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाई दिली. नाममुद्रेचं कडवं गाळणं या कलमात बसेल का हे न्यायालय ठरवेल. पण शिक्षकानं नाव सांगावं यासाठी मला न्यायालयाची गरज वाटत नाही.

भीती मात्र दुसरीकडे आहे. हा हक्क फार ताणला तर मुलानं तुमच्या गाण्यात आपलं कडवं घालायचं नाही का? चवदार तळ्याच्या प्रवेशात आज पाण्याच्या टँकरची वाट पाहणारी वाडी आणायची नाही का? बदल करून पाहिल्याशिवाय कला शिकवता येत नाही.

शाहीर: वर्गात करा. माझं मूळ आधी म्हणा, मग तुमचं म्हणा, आणि दोन्ही वेगळी आहेत हे सांगा. बदललेलं गाणं माझ्या नावावर आणि मूळ गाणं कोणाच्याच नावावर नाही, हे दोन्ही नको.

कलाशिक्षिका: हे मला चित्रकलेतही पटतं. महादेव धुरंधर १९४४ साली गेले. त्यांचं रायगडावरच्या राज्याभिषेकाचं चित्र मुलं कुठेही, कशीही उतरवू शकतात. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांची मुखपृष्ठं २०३१ अखेरपर्यंत हक्कात. वर्गात दलालांची रेषा गिरवून घेतली तर हरकत नाही, तीच गिरवलेली चित्रं भेटकार्डं छापून विकली तर आहे. खाली ‘दलालांवरून’ एवढं लिहिण्याची सवय मूल चौथीत शिकू शकतं. पण वारलीपाशी मी अडते. प्रत्येक शाळेची भिंत वारली चित्रांनी रंगलेली असते. जिव्या सोमा मशे यांचं एखादं विशिष्ट चित्र उचललं तर त्यांचं नाव घालता येतं, ते २०१८ साली गेले, त्यांच्या चित्रांवर हक्कही आहे. पण ती वर्तुळं, त्रिकोण, तारप्याचा फेर कोणा एकाचा नाही. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला. कायदा एका नावाची आणि एका मृत्यूच्या तारखेची वाट पाहतो. जमातीला मृत्यूची तारीख नसते, म्हणून कायद्यापुढे तिची कला पहिल्यापासूनच मोकळी. इथे सगळं कायद्यात बसतं आणि तरी मला स्वस्थ वाटत नाही.

शाहीर: जात्यावरच्या ओव्यांचं तेच. आमच्या आयांनी बांधलेल्या ओव्या आज पुस्तकांत संपादकाच्या नावानं आहेत. नाव सांगा म्हणून मी भांडतो खरा, पण ज्यांच्याकडे सांगायला एक नाव नाही त्यांना माझ्या भांडणातून काही मिळत नाही, हे मला दिसतं. निदान गावाचं, जमातीचं नाव सांगा, सांगणारी बाई जिवंत असेल तर तिला वर्गात बोलवा आणि तिला मानधन द्या. स्नेहसंमेलनाच्या खर्चात मंडप असतो, ध्वनिक्षेपक असतो, हारतुरे असतात. ज्याचं गाणं आहे त्याची रक्कम का नसते?

कलाशिक्षिका: तशी असावी. पण ती दोन शिक्षकी शाळेनं द्यायची ठरवली तर ती शाळा गाणंच सोडून देईल. म्हणून पैसा सार्वजनिक तिजोरीतून यावा असं माझं मत. ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेलं की वाचकाकडून काही न घेता लेखकाला सरकारनं रक्कम द्यायची, ही पद्धत डेन्मार्कनं १९४६ मध्ये सुरू केली. ब्रिटननं १९७९ साली त्यासाठी कायदा केला. मुलाला फुकट आणि कर्त्याला मोबदला, दोन्ही जमू शकतं. वर्गाचं दार बंद करून लेखकाचं घर चालवायचं, असा एकच मार्ग आहे हे मला मान्य नाही.

शाहीर: तिथेही यादी करणाऱ्याच्या यादीत माझं नाव असायला हवं. वहीतलं, न छापलेलं गाणं कोण मोजणार?

कलाशिक्षिका: हक्कासाठी नोंदणी लागत नाही, गाणं केलंत तेव्हाच तो तुमचा झाला. पण पैसे वाटायला यादी लागते, हे खरं.

शाहीर: मग आता शेवटचा आणि माझ्या मते मूळ प्रश्न. नाव घेतलंत, मानधन दिलंत, कडवं पुरं म्हटलंत. तरी मी नाही म्हटलं तर? शंभराव्या वर्षी तळ्याकाठी माझं गाणं नको, ज्या व्यासपीठावर ते म्हणणार त्या व्यासपीठाशी माझं पटत नाही, असं मी म्हणालो तर?

कलाशिक्षिका: वर्गात आणि पालकांसमोर तुमचा नकार चालत नाही. उघड्यावर हौशी मंडळानं तिकीट न लावता गायलं, किंवा देवळासारख्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला, तरी कलम ५२ त्यांच्या बाजूनं आहे. तिकीट लावलं, छापलं, ध्वनिमुद्रण करून जगासमोर टाकलं, तर तुमचा नकार चालतो. कायद्यानं रेघ इथे ओढली आहे. आणि मला ती बहुतांशी योग्य वाटते. ज्या तळ्यावर हजारो माणसं हक्कानं चालत गेली, त्यांच्यावरचं गाणं एका माणसाच्या नकारावर अडून राहावं का?

शाहीर: तळं माणसानं बांधलं असेल, पण पाणी कोणी केलेलं नव्हतं. म्हणून ते अडवणं अन्याय होता. गाणं कोणी तरी केलेलं असतं. शिवाय त्या तळ्यापासून ज्यांना दूर ठेवलं त्यांच्याच घरातल्या शाहिरांनी ही गाणी केली. ज्यांना शतकानुशतकं कशालाच ‘माझं’ म्हणू दिलं नाही, त्यांच्या हाती पहिल्यांदा स्वतःचं काही आलं आणि लगेच सांगायचं की ते सगळ्यांचं आहे, हे मला सोपं वाटत नाही. सगळ्यांचं आहे असं म्हणण्याचा अधिकार आधी त्यांचा.

कलाशिक्षिका: आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी तेच म्हटलं, गाणी वाटून टाकली. पण त्यांनी म्हटलं आणि आपण गृहीत धरलं यात अंतर आहे, हे मी मान्य करते. नावाचं काय करायचं ते आता मला माहीत आहे. पैशाचं काय करायला हवं हेही सांगता येतं, करणारे मिळाले तर. नकाराचं उत्तर माझ्याकडे नाही. नकार मानला तर मुलांच्या हातून त्यांच्याच गावचा इतिहास निसटू शकतो. नाही मानला तर शाळा त्यांना शिकवते की ज्याच्याकडून घ्यायचं त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची गरज नसते. यातलं कोणतंही मला शिकवायचं नाही, आणि कार्यक्रम तर बसवायचाच आहे.

शाहीर: मग विचारायला या. मी नाही म्हणेन असं धरून चालू नका. पण हो म्हणेन असंही धरून येऊ नका.